कर्नाळा : वाटेवरचा डोंगर

मुंबईहून येणारा रस्ता पनवेल ओलांडतो आणि पळस्पे फाट्याला दुभंगतो. एक फाटा बोरघाटाकडे जातो, दुसरा गोव्याकडे. गोव्याच्या वाटेने शिरढोण मागे पडले की समोरच्या डोंगररांगेवर दगडाचा एक सरळसोट सुळका दिसू लागतो. गावोगावचे लोक त्याला अंगठा म्हणतात. जुन्या पुस्तकांत 'पांडूचा बुरूज' असे त्याचे नाव सापडते, तर इंग्रजांच्या नकाशांवर अख्खा डोंगरच 'फनेल हिल' म्हणून नोंदलेला आहे. सुळक्याला बिलगून कर्नाळा किल्ला उभा आहे आणि किल्ल्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ पासून पक्षी अभयारण्य म्हणून राखलेले आहे. पनवेल शहरापासून अंतर जेमतेम बारा किलोमीटर. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेला माणूस अर्ध्या तासात भेकराच्या रानात पोचतो, असे ठिकाण मुंबईच्या परिसरात दुसरे फारसे नाही.

डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर. सह्याद्रीच्या हिशेबाने ही उंची किरकोळ म्हणावी लागेल. शेजारचा प्रबळगड आणि माथेरानचे पठार याहून कितीतरी उंच आहेत. पण कर्नाळ्याचे महत्त्व उंचीत नाही, जागेत आहे. सह्याद्रीच्या मुख्य भिंतीपासून सुटून तो समुद्राच्या बाजूला पुढे सरकलेला आहे. उत्तरेला पनवेलची खाडी, दक्षिणेला आपट्यावरून धरमतरच्या खाडीकडे जाणारी पाताळगंगा, पश्चिमेला उरणची भातखाचरे आणि मिठागरे. हवा स्वच्छ असेल तेव्हा माथ्यावरून एका बाजूला मुंबई बंदराचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला माणिकगड, इर्शाळ, प्रबळ आणि माथेरान अशी रांग दिसते. खाडीतून वर येणारा माल आणि घाटावरून खाली उतरणारा माल, दोन्ही या एका टेहळणीच्या टप्प्यात येत. कर्नाळ्याचा इतिहास हा मुख्यतः त्या वाटेचा इतिहास आहे.

त्याआधी दगडाकडे पाहायला हवे. कर्नाळा हा दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा डोंगर. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, एकामागून एक झालेल्या प्रचंड उद्रेकांत साचले. लोणावळ्याच्या वर घाटमाथ्यावर ते जवळजवळ आडवे पसरलेले दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात आणि काही ठिकाणी हा उतार चांगलाच तीव्र होतो. किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण जाणारी ही वाक शंभर किलोमीटरहून लांब आहे. भूशास्त्रात ती 'पनवेल फ्लेक्शर' या नावाने ओळखली जाते, म्हणजे पनवेलची ख्याती केवळ एसटी स्थानकापुरती नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन बिकनेल ऑडन यांच्या १९४९ सालच्या लेखनानंतर हे नाव रूढ झाले. इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे ते थोरले बंधू. भारताचा पश्चिम किनारा आणि सेशेल्सचा भूभाग एकमेकांपासून तुटून दूर गेले, त्या घडामोडीशी या वाकेचा संबंध जोडला जातो. याच पट्ट्यात कवचाला भेगा पडल्या आणि त्यांत नंतरचा लाव्हा घुसून दगडी भिंती तयार झाल्या. वज्रेश्वरी-अकलोलीपासून पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत आणि पुढे महाडजवळच्या सवपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची जी माळ आहे, तीही किनाऱ्याच्या याच भेगाळ पट्ट्यातली.

सर्व बेसाल्ट सारख्या वेगाने झिजत नाही. कोकणात दरवर्षी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या माऱ्यात मऊ, फेसाळ थर लवकर कुजून वाहून जातात, तर घट्ट आणि कठीण भाग उघडा पडून टिकतो. कर्नाळ्याचा सुमारे १२५ फुटांचा सुळका असाच उरलेला कठीण गाभा आहे. त्याच्या बाजू इतक्या उभ्या आहेत की दोर आणि सरावाशिवाय त्यावर चढण्याचा विचार कोणी करू नये. गिर्यारोहक तो चढतात, पण त्यांनाही मधमाश्यांची वेळ सांभाळावी लागते.

किल्ला नेमका कोणी बांधला हे ठरवणारा शिलालेख नाही. यादवांच्या काळात आणि त्यानंतर दिल्लीच्या सुलतानांच्या अमलात कर्नाळा हे उत्तर कोकणातील एका विभागाचे ठाणे होते असे मानले जाते. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आधीपासून या डोंगरावर शिबंदी असावी. कारणही उघड आहे. घाटावरचे कापूस, धान्य आणि कापड बोरघाटाने खाली उतरून पनवेलच्या बंदरात येई आणि गलबतांनी पुढे जाई. मीठ, सुके मासे आणि परदेशी माल उलट दिशेने चढे. त्या वाटेवर जकात घ्यायची तर वाट दिसली पाहिजे, आणि ती कर्नाळ्यावरून दिसे.

सोळाव्या शतकात किल्ला गुजरातच्या सुलतानांकडे होता. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने कर्नाळा आणि पेणजवळचा सांकशी हे दोन्ही किल्ले घेतले. गुजरातच्या बाजूने मदतीची याचना झाली ती वसईच्या पोर्तुगीजांकडे. तिथला कप्तान दोम फ्रान्सिस्कु द मेनेझिस याने फौज पाठवून किल्ले परत मिळवून दिले, पण आत पोर्तुगीज शिबंदी बसवली. निजामशहाची फौज पुन्हा चालून आली. तिने भोवतालचा मुलूख घेतला, मात्र किल्ला पडला नाही. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही किल्ल्याची असू शकते. पुढचा भाग अधिक बोलका आहे. डोंगरावरचे ठाणे राखण्याचा खर्च त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाहून जास्त होतो, हे पोर्तुगीजांच्या लवकरच ध्यानात आले. त्यांची सत्ता समुद्रावर होती. त्यांना खाड्या हव्या होत्या, डोंगर नव्हे. म्हणून वर्षाला ५,००० सोन्याचे परदाव घेण्याच्या बोलीवर त्यांनी कर्नाळा निजामशहाला देऊन टाकला. लढून राखलेला किल्ला हिशेब मांडून सोडल्याचे हे कोकणातले ठळक उदाहरण म्हणता येईल.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि उत्तर कोकण विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्या मोहिमेच्या ओघात या भागातील किल्ले स्वराज्यात आले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मिर्झाराजे जयसिंगाच्या स्वाधीन करावे लागले, त्यांच्या यादीत पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली यांच्या बरोबरीने कर्नाळ्याचेही नाव आहे. शेजारचा माणिकगडही त्याच यादीत आहे. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. कोंढाण्याचा छापा सर्वांना ठाऊक आहे. कर्नाळा मात्र वेगळ्या रीतीने पडला. मराठ्यांनी मातीचे आडोसे रचले, त्यांच्या आड राहत मोर्चे पुढे सरकवले आणि किल्ला घेतला. रात्रीचा छापा कथेला जास्त मानवतो, म्हणून या चिकाटीच्या वेढ्याची आठवण मागे पडली असावी.

महाराजांच्या मृत्यूनंतर किल्ला काही काळ मुघलांकडे होता. किल्ल्यात दोन शिलालेख आहेत. एक मराठी, खालच्या दरवाजाच्या आतील अंगाला, त्यावर साल नाही. दुसरा फारसी, वरच्या दरवाजाच्या बाहेरील अंगाला. त्यात सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६, म्हणजे इ.स. १७३३-३४, असे साल वाचले गेले आहे. १७४० च्या सुमारास कर्नाळा पेशव्यांच्या ताब्यात आला.

पेशवाईच्या अखेरीस किल्लेदारी शिरढोणच्या फडके घराण्याकडे होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी मराठी किल्ले एकेक करून घ्यायला काढले. कर्नल प्रॉथरची तुकडी कोकणातून निघाली. जानेवारी १८१८ मध्ये तिने कर्नाळा घेतला, मग घाट चढून लोहगड, विसापूर, राजमाची आणि शेवटी मे महिन्यात रायगड. किल्लेदार अनंतराव फडके यांच्या हातून किल्ला गेला. त्यांच्याच घराण्यात, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी, शिरढोणला त्यांचा नातू जन्मला. तो वासुदेव बळवंत फडके. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव केला, त्याच वर्षी तो पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. शिरढोणला महामार्गाजवळ त्यांचे स्मारक आहे. कर्नाळ्याला निघालेल्या बहुतेक गाड्या त्याच्या बाजूने न थांबता जातात.

इंग्रजी अमलात किल्ला निरुपयोगी ठरला, वाट मात्र अधिकच गजबजली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी बोटीने पनवेलला उतरून पुढे गाडीने जाऊ लागला. शहराचे वैभव या काळातले. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, म्हणजे देशातील जुन्या नगरपालिकांत पनवेलची गणना होते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि बंदराचा व्यापार ओसरला. गाळाने खाडीही उथळ होत गेली. १८८३ मध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, घालण्यात आला.

डोंगरावरच्या जंगलाची गोष्ट याच सुमारास वळण घेते. वाढत्या मुंबईला सरपण हवे होते, कोळसा हवा होता, इमारती लाकूड हवे होते आणि ते खाडीमार्गे सहज पोचत असे. ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांत कोळशाच्या भट्ट्या लागत आणि तिथे राबणारे बहुतेक कातकरी. सरकारने जंगले राखीव करायला घेतल्यावर रानावर जगणारे ठाकर, कातकरी आणि भातासाठी राब भाजणारे शेतकरी यांची कोंडी झाली. शेतकऱ्याला राबासाठी टहाळ लागतो. तो राखीव जंगलातून आणायला बंदी आली. या दोन जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. प्रश्न सुटला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी कर्नाळ्याच्या पश्चिमेला, चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. स्वतः मामलेदारही त्या गोंधळात मारला गेला. आज कर्नाळ्यात पाखरे पाहत हिंडणाऱ्याला हे रान निसर्गतः राखलेले वाटते. ते कोणाच्या तरी हातून सुटले आणि कोणाच्या तरी हाती गेले, ही बाब चिरनेरमुळे लक्षात राहते.

१९६८ मध्ये सुमारे साडेचार चौरस किलोमीटरचे जंगल पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य अशी त्याची ओळख आहे. देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७२ मध्ये आला. २००३ मध्ये हद्द वाढवण्यात आली आणि क्षेत्र बारा चौरस किलोमीटरच्या थोडे वर गेले. तरीही अभयारण्य म्हणून हे क्षेत्र लहानच आहे.

प्रवेशद्वार महामार्गालगतच आहे. आत शिरल्यावर डांबरी वाटेच्या बाजूला पिंजरे आणि माहितीफलक लागतात, मग वाटा फुटतात. हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा ओढ्यांच्या काठाने, सावलीतून जातात आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या खऱ्या कामाच्या त्याच आहेत. तिसरी वाट किल्ल्याची. ती आधी सोंडेवर चढते, मग सोंडेच्या धारेने सुळक्याकडे जाते. चढ दीड ते दोन तासांचा, सुरुवातीला दमवणारा, मध्ये बराच सपाट आणि शेवटी पायऱ्यांचा. किल्ल्याखाली कर्णाई देवीचे ठाणे आहे. किल्ल्यावर येणारा स्थानिक माणूस तिथे थांबल्याशिवाय वर जात नाही.

किल्ला आकाराने लहान आहे आणि दोन टप्प्यांत विभागलेला. खालच्या दरवाजातून आत गेल्यावर पडकी तटबंदी आणि वाड्याची जोती दिसतात, वरचा दरवाजा ओलांडला की सुळक्याचा पायथा. सपाट जागा इतकी कमी की इथे मोठी फौज राहिली असण्याची शक्यता नाही; हे टेहळणीचे आणि अडवणुकीचे ठाणे. बांधकामापेक्षा पाहण्यासारखी आहेत ती सुळक्याच्या बुडाशी खोदलेली टाकी. ओळीने कोरलेल्या या खोल्यांपैकी काहींत पाणी बारमाही असते आणि काही कोठारे म्हणून वापरात असाव्यात. टाक्यांवर सुळक्याची सावली असते, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी लवकर आटत नाही. ते पाणी आता पिण्याजोगे आहे असे गृहीत धरू नये.

सुळक्याच्या कपारींना आग्या मोहोळांची पोळी लोंबकळलेली असतात. ही मधमाशी आकाराने मोठी आणि चिडकी असते, आणि एकदा उठली की लांबवर पाठलाग करते. धूर, आरडाओरडा, दगड भिरकावणे आणि अंगावरचा तीव्र सुगंध यांपैकी कशानेही ती बिथरू शकते. माथ्यावर शेकोटी करायची हौस अनेकांना असते. कर्नाळ्यावर ती जीवावर बेतू शकते.

जंगल मिश्र पानझडी प्रकारचे, ओढ्याच्या काठाने अधिक दाट आणि हिरवे. ऐन, किंजळ, साग, कळंब, हेदू, कोशिंब, जांभूळ, आंबा, उंबर, कुंभा, करंज अशी झाडे, आणि त्यांवर चढलेली उक्षी व इतर वेली. हिवाळ्यात पाने गळाल्यावर पांढुरक्या, गुळगुळीत सालीचे कांडोळ उतारांवर लांबूनही ओळखू येतात. जानेवारी ते मार्च या काळात काटेसावर, पळस आणि पांगारा पानांशिवाय फुलतात आणि रानातली गर्दी त्यांच्याभोवती जमते. मैना, कोतवाल, बुलबुल, पर्णपक्षी, शिंजीर, सगळे एकाच सावरीवर. ज्याला पाखरांची नावे शिकायची आहेत त्याने फुललेल्या सावरीखाली तासभर बसावे. वाटा तुडवून इतके हाती लागत नाही.

अभयारण्यात सुमारे २२२ जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. त्यांपैकी १६१ बारमाही राहणारे, ४६ हिवाळी पाहुणे, उरलेले वाटेत थांबणारे, विणीपुरते येणारे किंवा चुकूनमाकून आलेले. हा आकडा वाचून येणाऱ्यांचा विरस होतो, कारण भरतपूर किंवा नांदूरमधमेश्वरसारखे हजारोंचे थवे इथे नाहीत. मोठा जलाशय नाही म्हणून बदकेही नाहीत. हे रानपाखरांचे ठिकाण आहे. रानपाखरू आधी ऐकू येते, मग पानाआड हलते आणि नशीब असेल तर दिसते. कुटुर्ग्याची न थकणारी साद दिवसभर चालू असते. पहाटे ओढ्याकडून शीळकरी कस्तूराची माणसासारखी, सूर हरवलेली शीळ येते. शामा गातो तेव्हा दयाळाचे गाणे फिके पडते.

पश्चिम घाटापुरत्या मर्यादित असलेल्या जातींपैकी मलबारी राखी धनेश, निळ्या पंखांचा पोपट, पांढऱ्या गालाचा कुटुर्गा आणि छोटा शिंजीर अशा काही जाती इथे आहेत. समुद्रापासून इतक्या जवळ, इतक्या कमी उंचीवर त्या मिळतात हे या डोंगराचे वैशिष्ट्य. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला व पिलांना एका फटीतून फळे भरवतो. म्हणजे धनेश टिकायचा तर जुनी, पोकळ झालेली झाडे आणि उंबर-पिंपरणीची फळे दोन्ही टिकायला हवीत. पल्लवपुच्छ कोतवाल शेपटीच्या दोन लांब दांड्यांमुळे चटकन ओळखू येतो, पण त्याची खरी करामत नकलेत आहे. तो सर्पगरुडाची किंकाळी इतकी हुबेहूब काढतो की आकाशाकडे पाहणारे फसतात. कीटक टिपत फिरणाऱ्या मिश्र थव्याचा तो पहारेकरी असतो, आणि पहाऱ्याच्या मोबदल्यात इतरांनी उठवलेले कीटक खुशाल उचलतो. पांढऱ्या फितीसारखी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक हिवाळ्यात ओढ्याच्या सावलीत हमखास दिसतो. दुर्मीळ नोंदींमध्ये मलबारी कर्णा आणि पूर्व आशियात वीण करणारा राखी निखार यांची नावे येतात.

कर्नाळ्याचा सर्वांत मोलाचा पाहुणा मात्र पावसात येतो, जेव्हा बहुतेक पक्षिनिरीक्षक घरी बसलेले असतात. तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीएवढा जीव, पण पिवळे पोट, जांभळट-निळे पंख, शेंदरी चोच असा सारा रंगांचा साठा त्याच्या अंगावर. मेअखेरीस-जूनमध्ये तो दक्षिणेकडून कोकणात येतो. नवरंगही याच दिवसांत येतो आणि दोघेही रात्रीचा प्रवास करतात. म्हणून पहिल्या पावसाच्या रात्रींनंतर मुंबई, नवी मुंबई आणि पनवेलच्या इमारतींना धडकून पडलेली ही रंगीत पाखरे लोकांच्या गॅलऱ्यांत सापडतात. ओढ्याकाठच्या किंवा रस्ता कापताना उघड्या पडलेल्या मातीच्या दरडीत खंड्याची जोडी चोचीने आडवे बीळ खणते. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. पिलांना भरवायला सापसुरळ्या, पाली, छोटे बेडूक, खेकडे आणि कोळी. पाऊस उशिरा आला तर माती कडक राहते आणि खणता येत नाही. फार जोराचा आला तर दरड ढासळते किंवा बिळात पाणी शिरते. त्याची सगळी वीण या अरुंद मोजमापात बसते. सप्टेंबर संपता संपता तो निघून जातो. फोटोसाठी घरट्यासमोर ठाण मांडून बसणाऱ्यांचा उपद्रव अलीकडे वाढला आहे. भक्ष्य चोचीत धरून पक्षी फांदीवर ताटकळतो, बिळात शिरत नाही आणि आतली पिले उपाशी राहतात. ते सुंदर छायाचित्र बहुधा त्याच ताटकळण्याचे असते.

सस्तन प्राण्यांत भेकर, चौशिंगा, रानडुक्कर, वानर आणि माकडे आहेत. माकडांना खाऊ घालण्याची सवय पर्यटकांनीच लावली आणि आता पिशव्या हिसकावणाऱ्या टोळ्यांबद्दल तेच कुरकुरतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलपाखरांची चंगळ असते; शंभराहून अधिक जातींची नोंद आहे.

या सगळ्याच्या मधून महामार्ग जातो. अभयारण्याचे दोन तुकडे करणारा हा रस्ता जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, आता ६६. गणपतीत आणि शिमग्याला अख्खी मुंबई त्यावरून कोकणात उतरते. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याच्या चौपदरीकरणात अभयारण्यातून जाणारा भाग सर्वांत नाजूक ठरला, कारण इथे रस्त्याचा प्रत्येक वाढीव मीटर झाडांच्या खर्चाने येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या वर मिळालेल्या असतील तर वानरे न उतरता पलीकडे जातात. छत तुटले की त्यांना डांबरावर यावे लागते. रात्री उडणाऱ्या घुबडांना आणि संथ चालणाऱ्या सापांना तर तेवढीही सोय नाही. हॉर्नचा गोंगाट अर्ध्या डोंगरापर्यंत पोचतो, आणि गाऊन हद्द राखणाऱ्या पाखरांना त्याच्याशी स्पर्धा करावी लागते.

वाट पुन्हा गजबजली आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेवाकडे येणारा अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कर्नाळ्याच्या माथ्यावरून यातले बरेचसे एका नजरेत मावते. डोंगराभोवतीचे भातखाचर गोदामात आणि इमारतीत बदलत चालले आहे, त्यामुळे अभयारण्याला लागून असलेली टेकड्यांची हिरवी साखळी अधिक महत्त्वाची ठरते. बारा चौरस किलोमीटर हे भेकराला किंवा धनेशाला पिढ्यान्‌पिढ्या पुरणारे क्षेत्र नव्हे. उरणच्या टेकड्या आणि माणिकगड-माथेरानची रांग यांच्याशी जोडलेली रानाची पट्टी तुटली तर हद्दीच्या आतले राखून फारसा उपयोग होणार नाही.

किल्ल्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, हिवाळी पक्ष्यांसाठी डिसेंबर ते मार्च. पावसात किल्ल्याची वाट निसरडी होते आणि वनखाते वेळोवेळी ती बंद ठेवते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. एसटीच्या पेण-अलिबागकडे जाणाऱ्या गाड्या पनवेलहून मिळतात. रेल्वेने आपटा स्थानकही जवळ पडते. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ च्या चित्रपटातला शेवटचा गाडीचा प्रसंग तिथे चित्रित झाला, एवढ्यासाठीही काही जण उतरतात. पक्षी पाहायचे असतील तर सूर्योदयाच्या सुमारास फाटकाशी पोचावे, कारण नऊनंतर सहलींच्या बसगाड्या येऊ लागतात आणि ओढ्याकाठचे रान गप्प होते.